धागा: वारशातली 12 बोअर दोननळी – पुन्हा बार काढण्याआधी काय तपासावं, कशी राखावी?

पाऊलवाट
नमस्कार. घरात वारशाने आलेली 12 बोअर दोननळी बंदूक आहे. नळ्या शेजारी-शेजारी, 30 इंची, बाहेर घोडे नाहीत, चाप दोन. परवाना नावावर झाला आहे, तो विषय इथे नको. बरीच वर्षं तिच्यातून बार निघालेला नाही. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर पुढचे ठसे आहेत: ‘नायट्रो प्रूफ 1⅛ औंस’, शंकरपाळ्यासारख्या चौकटीत 12 आणि सी, आणि एक सुटा 13.

नळ्यांत काळसर ठिपके दिसतात. कुंद्याचं लाकूड जिथे लोखंडाला भिडतं तिथे काळं पडलं आहे. सोबत डबाभर जुनी कागदी काडतुसं आहेत.

ही बंदूक चालवण्याजोगी आहे हे कशावरून ठरवायचं? काडतूस कोणतं घ्यायचं? आणि घरच्या घरी कुठवर हात घालावा, कुठून पुढे कारागिराकडे सोपवावं?

मोजपट्टी
ठसे लिहून दिलेत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण नळीची चमक सांगतात आणि चमकेवरून काहीच कळत नाही.

आधी ठशांबद्दल. ‘नायट्रो प्रूफ’ म्हणजे ही बंदूक बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे, आणि 1⅛ औंस म्हणजे जास्तीत जास्त साधारण 32 ग्रॅम छर्रे. शंकरपाळीतला 12 आणि सी म्हणजे 3 इंचापेक्षा आखूड चेंबर (नळीचा काडतूस बसतं तो मागचा भाग). इंग्लंडमध्ये 1925 नंतर तपासलेल्या बंदुकांवर चेंबरची लांबी इंचात ठोकलेली सापडते. तुमच्याकडे ती नाही, म्हणजे ठसे बहुधा त्याआधीचे. चेंबर 2½ इंची, म्हणजे 65 मि.मी. आहे असंच धरून चला, मोजून दुसरं काही सिद्ध होईपर्यंत.

सुटा 13 हा नळीच्या आतल्या व्यासाचा ठसा. बोअर (नळीच्या व्यासाचं माप, आकडा वाढला की व्यास कमी) 12 असूनही त्या दिवशी नळी 13 च्या मापाची भरली: 0.710 ते 0.719 इंच, म्हणजे 18.03 ते 18.26 मि.मी. हे माप मागच्या तोंडापासून 9 इंचांवर, सुमारे 23 सें.मी. आत घेतात. आज तिथे 18.5 मि.मी.च्या वर भरत असेल, तर मधल्या काळात कुणीतरी गंज काढण्यासाठी नळी आतून घासली आहे. तेवढी जाडी कमी झाली, आणि जुना ठसा आता या नळीबद्दल बोलत नाही. चकचकीत आरशासारखी जुनी नळी दिसली की मला म्हणूनच आधी शंका येते. ठिपके असलेली पण न घासलेली नळी पुष्कळदा जास्त भरवशाची निघते.

तपासणी या क्रमाने करा.

पहिलं, बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी पाहा. पुढचं लाकूड काढा, लीव्हर दाबून नळ्या सोडवा, आणि प्रत्येक नळीतून उजेड आरपार दिसतो का बघा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या नळीत घरटं, चिंधी, नळीतच अडकलेला जुना वॉड (काडतुसातला दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा), काहीही असू शकतं.

दुसरं, साफ करून मग बघा. चेंबरच्या पुढे आणि चोकच्या (नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागाच्या) आसपास दिसणारे करडे ओघळ बऱ्याचदा शिशाचे असतात. ब्राँझच्या ब्रशने ते निघून जातात. ब्रशनंतर जे उरतं तेच खरे खड्डे.

तिसरं, ट्यूबलाइट किंवा खिडकीच्या चौकटीकडे नळी धरा. आत एक सरळ काळी रेघ पडते. नळी हळूहळू फिरवा. रेघ जिथे वाकते तिथे पोचा आहे. पूर्ण गोल, कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे, म्हणजे कधीतरी अडथळा असताना बार निघालाय. पोचा कारागीर आतून दाबून उठवतो. पोचा असताना बार काढत राहिलं तर छर्रे तो उंचवटा आतून झिजवतात, आणि मग पोचा उठवल्यावर तिथली नळी कागदासारखी पातळ राहते. फुगलेल्या नळीचं मात्र जागा आणि जाडी मोजूनच ठरतं.

चौथं, भिंतीची जाडी. हे घरी होत नाही. त्यासाठी लांब दांड्याचं, डायल असलेलं जाडीमापक लागतं. नळीच्या तोंडाशी कॅलिपर लावून मोजलेली जाडी निरुपयोगी, कारण तिथे चोक आहे. सर्वांत पातळ जागा बहुधा नळीच्या पुढच्या अर्ध्यात, चोकच्या अलीकडे सापडते. कुठेही 0.5 मि.मी.च्या खाली गेलं तर ती बंदूक भिंतीवर शोभेल, खांद्यावर नको.

ठिपक्यांचा विचार जागेनुसार करा. सर्वाधिक दाब चेंबरमध्ये आणि त्याच्या लगेच पुढे असतो. तिथला खोल खड्डा म्हणजे थांबा. पुढे नळी पातळ असते, पण दाबही बराच उतरलेला असतो, त्यामुळे तिथे जाडीचं माप निर्णय देतं.

चकमक
मोजपट्टी यांच्या प्रतिसादात सांध्याची भर घालतो. जुन्या दोननळीत नळ्यांइतकाच सांधा महत्त्वाचा.

पुढचं लाकूड काढून टाका (त्याच्या स्प्रिंगमुळे ढिलेपणा लपतो), नळ्या जोडून बंदूक बंद करा, मूठ घट्ट धरून नळ्या डावी-उजवी आणि वर-खाली हलवा. ‘टक’ असा बारीकसा धक्का हाताला जाणवला तर बिजागरीची पिन किंवा तिच्यात अडकणारं नळ्यांखालचं हूक झिजलेलं आहे. मग नळ्यांचं मागचं तोंड आणि बॉडीची उभी भिंत यांच्यामधून उजेडाकडे बघा. उजेडाची रेघ दिसली तर नळ्या भिंतीपासून सुटल्या आहेत. संशय असेल तर अगदी पातळ टिश्यू कागदाची पट्टी मध्ये ठेवून बंद करा. पट्टी अलगद ओढून निघाली तर फट आहे.

फटीचा धोका असा की बार निघताना काडतुसाचं पितळी बूड मागे सरकून भिंतीवर आदळतं आणि कॅप (बुडातला, ठोका बसून पेटणारा दाणा) फुगून फुटू शकते. दर बाराला फट वाढत जाते. उपाय जाड पिन किंवा हूकवर धातू चढवून पुन्हा बसवणं. हातोडीने हूक ठोकून ‘घट्ट’ करून देणारे असतात. तो घट्टपणा थोडेच दिवस टिकतो आणि पुढच्या खऱ्या दुरुस्तीची जागा बिघडवून ठेवतो.

लीव्हरही पाहा. बंद केल्यावर तो मधोमध किंवा किंचित उजवीकडे थांबला पाहिजे. डावीकडे गेला असेल तर खालचा बोल्ट झिजलाय.

शेवटी नळ्यांचा आवाज. नळ्या वेगळ्या काढून खालच्या हूकात बोट घालून टांगत्या धरा आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच टोला द्या. देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर रिबचं (दोन नळ्यांमधल्या पट्टीचं) झाळकाम शाबूत आहे. फुटक्या मडक्यासारखा ‘खद्’ आला किंवा झिणझिण ऐकू आली, तर रिब कुठेतरी सुटली आहे. सुटलेल्या रिबखाली पाणी शिरतं आणि नळी बाहेरून, नजरेआड गंजत जाते.

एकटा_जीव
नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल, म्हणजे दमास्कस असेल, तर? हलकं काडतूस वापरलं तर चालतं असं ऐकलं आहे.

चकमक
‘हलकं’ हा शब्द इथे फसवतो. छर्रे कमी म्हणजे दाब कमी, असं समीकरण नाही. 24 ग्रॅमचं वेगवान काडतूस 30 ग्रॅमच्या मंद काडतुसापेक्षा जास्त दाब करू शकतं. दाब ठरतो दारूच्या जळण्याच्या वेगावर.

दमास्कस नळी लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेली असते. नवी असताना ती कमकुवत नव्हती, उत्तम दमास्कस नळ्या बिनधुराच्या दारूची तपासणीही पास झालेल्या आहेत. अडचण वयाची आहे. पट्ट्यांच्या जोडांमध्ये राहिलेल्या बारीक मळीच्या रेषांतून गंज आत सरकतो आणि बाहेरून दिसत नाही. त्यामुळे नियम एवढाच: बिनधुराच्या दारूचा ठसा नसेल तर ते काडतूस त्यात घालायचं नाही. ठसा असेल तरी जाडी मोजून आणि मान्यताप्राप्त ठिकाणी पुन्हा तपासणी करूनच.

एक सावधगिरी: काही दमास्कस नळ्यांवर नंतर काळा मुलामा चढवून नक्षी झाकलेली असते, आणि उलट काही साध्या पोलादी नळ्यांवर नक्षी नुसती छापलेली असते. पुढच्या लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागात कारागीर छोटीशी जागा घासून सौम्य आम्ल लावून खरं काय ते पाहतो.

रानपाखरू
टायरला बांधून लांबून दोरीने चाप ओढायचा, दोन बार नीट निघाले की बंदूक चांगली. सोपा उपाय.

मोजपट्टी
नम्रपणे असहमत. दोरीने काढलेला बार फक्त एवढंच सांगतो की त्या बाराला नळी फुटली नाही. तडा तिथे वाढून थांबला असेल तर पुढचा बार खांद्यावर असताना निघणार. प्रूफ हाउसमध्ये (बंदुका तपासून ठसा देणाऱ्या ठिकाणी) जाणूनबुजून जास्त दाबाचं काडतूस वापरतात आणि आधी-नंतर मापं घेऊन फुगवटा शोधतात, म्हणून त्या तपासणीला अर्थ असतो. आजच्या युरोपीय मानकात 12 बोअरच्या साध्या काडतुसाचा कमाल सरासरी दाब 740 बार (इथे ‘बार’ हे दाबाचं एकक) धरला आहे आणि जास्त ताकदीच्या काडतुसाचा 1050 बार. त्या दुसऱ्या वर्गातलं काडतूस तुमच्या बंदुकीच्या जवळसुद्धा आणायचं नाही, ते चेंबरमध्ये कितीही सहज बसलं तरी.

एकटा_जीव
सहज बसतं म्हणजे चेंबर तेवढं लांब आहे, असंच ना?

मोजपट्टी
नाही, आणि जुन्या बंदुकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. म्हणून सविस्तर लिहितो.

काडतुसाची लांबी त्याचं तोंड उघडल्यावर, म्हणजे बार निघाल्यानंतर मोजतात. 70 मि.मी.चं काडतूस भरलेलं असताना तोंडाच्या घड्या आत मुडपलेल्या असतात आणि त्याची उंची 58-59 मि.मी. भरते. ते 65 मि.मी.च्या चेंबरमध्ये आरामात मावतं, बंदूकही बिनतक्रार बंद होते. बार निघतो तेव्हा घड्या उलगडतात आणि शेवटचे 5 मि.मी. चेंबरपुढच्या निमुळत्या भागात, म्हणजे कोनमध्ये जातात. वॉड आणि छर्ऱ्यांना नेमक्या त्याच क्षणी वाट अरुंद मिळते, आणि दाब वाढतो. लगेच काही होत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. सांधा मात्र दर बाराला सैल होत जातो.

चेंबर मोजायला पितळी पत्र्याची 20.3 मि.मी. रुंद, सरळ कडांची पट्टी कापा, तिच्यावर 65 आणि 70 वर बारीक रेघा मारा. चेंबर आधी ब्रशने स्वच्छ करा. पट्टी अलगद आत सोडा. जिथे ती अडते तिथे चेंबर संपतं. 65 ची रेघ कडेशी आली तर उत्तर मिळालं. ढकलू नका, कोनमध्ये रुतून खोटं माप येईल. हे प्राथमिक माप झालं, पक्कं कारागिराच्या गेजनेच.

चेंबर 70 पर्यंत वाढवून देतो असं कुणी म्हणालं तर नकार द्या. भिंत नेमकी जास्त दाबाच्या जागी पातळ होते आणि जुन्या तपासणीचा आधार संपतो.

तुमच्यासाठी काडतूस: 65 मि.मी.चं, किंवा खोक्यावर ‘65 मि.मी. चेंबरसाठी योग्य’ असं स्पष्ट छापलेलं 67 मि.मी.चं. छर्रे 28 ग्रॅम, फार तर 30. ठसा 32 ग्रॅमपर्यंत परवानगी देतो म्हणून शेवटच्या ग्रॅमपर्यंत जायचं कारण नाही. बंदूककारांचा एक जुना ठोकताळा आहे: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावं. 28 ग्रॅमला सुमारे 2.7 किलो, 32 ला 3.1 किलो. तुमची बंदूक तोलून पाहा. 2.9 च्या आसपास भरली तर 30 ग्रॅमपर्यंत खांदा आणि कुंदा दोघेही सुखी.

छर्रे शिशाचे. जिथे शिसं चालत नाही तिथे बिस्मथ. पोलादी छर्रे नकोत. शिसं चोकमधून जाताना दबतं, पोलाद दबत नाही. जुन्या, मऊ पोलादाच्या, घट्ट चोकच्या नळीला ते तोंडाशी बाहेर ढकलतं आणि नळीवर कडं उठतं.

चकमक
डब्यातल्या कागदी काडतुसांबद्दल कुणी बोललं नाही. ती वापरू नका. ओलीने कागद फुगतो, काडतूस चेंबरमध्ये अर्ध्यात अडकतं. दारू सर्द झालेली असेल तर बार ‘फुस्स’ निघतो, वॉड नळीतच राहतो, आणि मागून दुसरं काडतूस घातलं की नळी फाटते. शिवाय जुन्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून जो क्षार उरतो तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो. एका रात्रीत नळी तांबूस होते. ती काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे रीतसर जमा करा. घरी उघडत बसू नका.

आणि घरात 20 बोअरचं एकही काडतूस 12 च्या खिशात जाऊ देऊ नका. 20 चं काडतूस 12 च्या चेंबरमधून घसरून पुढे कोनपाशी अडकतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. त्याच्यामागे 12 चं घालून बार काढला की दोन्ही एकदम पेटतात. 20 ची काडतुसं पिवळी करण्याची रीत यासाठीच पडली आहे.

पाऊलवाट
खूप आभार. पट्टी करून मापतो आणि जाडी मोजायला देतो. तोवर साफसफाई सुरू करू का? रॉकेल चालेल?

मोजपट्टी
सुरू करा. गज लाकडी किंवा पितळी. उघडं लोखंड नको, ते चोकला ओरखडे पाडतं. नेहमी मागच्या तोंडाकडून घाला.

आधी वर्तमानपत्राचा चुरगाळलेला बोळा आरपार ढकला, सुटा मळ निघून जातो. मग फॉस्फर ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून 10-12 फेऱ्या. ब्रश पूर्ण बाहेर आल्याशिवाय दिशा बदलू नका, नाहीतर तारा उलट्या वाकतात. दहा मिनिटं थांबा. मग सुती चिंध्या, एकामागून एक. पहिली काळी, दुसरी करडी, पाचवी-सहावी जवळजवळ पांढरी येईल. शेवटी लोकरी मॉपला तेलाचे तीन-चार थेंब.

आता खरी गोष्ट: दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी पांढरी चिंधी फिरवा. ती तपकिरी आली तर खड्ड्यांत दडलेला मळ रात्रीतून वर आलाय. पुन्हा साफ करा. ठिपके असलेल्या नळीला हे तीन-चार दिवस लागू शकतं. चिंधी पांढरी येईपर्यंत थांबायचं नाही.

रॉकेल मळ सैल करायला ठीक, पण ते राखत नाही. उडून जातं आणि लोखंड उघडं पडतं. वापरलंत तर पूर्ण पुसून वर तेल लावा. शिलाई मशीनचं तेल चालतं. खाण्याचं कुठलंही तेल नको, ते खवट होऊन चिकट थर धरतं आणि आतले भाग जाम करतं.

काळ्या दारूचा बार असेल तर गोष्ट वेगळी. तिची काजळी क्षारांची असते, ती सॉल्व्हंटला दाद देत नाही. तिथे गरम पाणीच लागतं, आणि पाण्यानंतर लगेच कोरडं करून तेल.

बार काढायला जाताना मात्र नळी आणि चेंबर कोरडे पुसून घ्या. काडतूस पेटताना चेंबरच्या भिंतीला चिकटून धरतं. तेलकट चेंबरमध्ये ते सरकतं आणि सगळा धक्का उभ्या भिंतीवर जातो.

बाहेरून तांबडा गंज असेल तर सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने. जुना तपकिरी-काळा रंग घालवू नका, तोही एक प्रकारचा स्थिरावलेला गंजच आहे आणि तो नळीचं रक्षण करतो. ठशांवर पॉलिश पेपर तर अजिबात नको.

चकमक
नळ्या पुन्हा काळ्या करून घ्यायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा. उकळत्या कॉस्टिक क्षारात बुडवून काळं करण्याची आजची पद्धत शेजारी-शेजारी नळ्यांना चालत नाही. रिब मऊ झाळकामाने, कथील-शिशाने जोडलेली असते. तो क्षार झाळकाम खातो आणि रिबखाली अडकून आतून कुरतडत राहतो. अशा नळ्यांना सावकाश गंज चढवून, उकळून, घासून काळं करण्याची जुनी पद्धतच लागते.

शिसवी
लाकडाबद्दल मी लिहिते.

कुंद्याचं टोक काळं पडतं ते तेलामुळे. बंदूक तोंड वर करून ठेवली की नळीतलं, बॉडीतलं तेल हळूहळू खाली उतरून लाकडाच्या उघड्या रेषांत शिरतं. तेल प्यालेलं लाकूड मऊ होतं, बार निघताना लोखंड त्यात रुततं, आणि पुढे तिथूनच चीर सुरू होते. नखाने दाबून पाहा. खूण उमटली तर लाकूड मऊ झालंय.

तेल ओढून काढता येतं. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लापशीसारखी करा, काळ्या भागावर जाड थर द्या. सुकता सुकता थर पिवळसर-तपकिरी होतो, ते तेल वर आलं. सुकल्यावर मऊ ब्रशने झाडा, पुन्हा लावा. जुन्या कुंद्याला अशा आठ-दहा फेऱ्या सहज लागतात. उघड्यावर करा, आसपास ज्योत नको. ॲसिटोन पॉलिश विरघळवतं, तेव्हा लागेल तेवढ्याच जागेवर. लोखंडापासून लाकूड सोडवल्याशिवाय टोकाचा आतला भाग मिळत नाही, आणि ते सोडवणं कारागिराचं काम.

वरून चमक आणायला उकळलेलं जवसाचं तेल. बोटाच्या टोकावर दोन-तीन थेंब, तळहाताने गरम होईस्तोवर चोळा, कोरड्या कापडाने जादा तेल पुसा, एक दिवस थांबा. पातळ दहा थर चांगले, जाड दोन थर चिकट राहतात. मुठीवरच्या जाळीदार खोदकामात तेल साचू देऊ नका, जुन्या टूथब्रशने झाडून काढा.

आणि कृपया हे वाचून सोडून देऊ नका: जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

बॉडीच्या मागच्या पट्टीमागे आधीच बारीक चीर असेल तर तशीच चालवू नका. दर धक्क्याला ती पट्टी पाचरीसारखी आत शिरते. चीर चिकटवताना कारागीर पट्टीमागे केसभर जागा मोकळी ठेवतो, ती ठेवली का ते विचारून घ्या.

ठेवताना तोंड खाली, किंवा आडवी. चामड्याच्या पेटीत कायमची नको. चामडं ओल धरतं आणि कमावतानाची आम्लं लोखंडाला लागतात. कुलुपाच्या कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून. हाताळल्यावर बोटांचे ठसे तेलकट फडक्याने पुसा. घामाच्या हाताचा ठसा दमट हवेत दोन दिवसांत गंजाची रांगोळी काढतो.

एकटा_जीव
+1. आतली यंत्रणा उघडून साफ करावी का? स्क्रू दिसतायत.

चकमक
उघडू नका. त्या स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि समांतर कडांच्या असतात. बाजारातला पाचरीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर खाच फाडतो. आत मुख्य स्प्रिंगा ताणलेल्या असतात, निसटली तर डोळा जाऊ शकतो. घरी एवढंच: बिजागरीच्या पिनला आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी वळणाला ग्रीसचा पातळ हात, बाकी ठिकाणी एकेक थेंब तेल. भिंतीवरच्या स्ट्रायकरच्या (कॅपवर आदळणाऱ्या पिनच्या) भोकांत तेल ओतू नका.

चाप रिकाम्यावर ओढू नका. कॅप नसेल तर स्ट्रायकरला अडवणारं काही राहत नाही, जुनी पोलादी टोकं तुटतात. स्नॅप कॅपची (सरावाच्या खोट्या काडतुसांची) जोडी घ्या. ती घालून या चाचण्या करा: सेफ्टी लावा, दोन्ही चाप जोरात ओढा, सोडा. मग सेफ्टी काढा. काढताच आतला घोडा पडला तर सेफ्टी झिजली आहे. पुन्हा कॉक करून, सेफ्टी न लावता, कुंद्याचा तळ रबरी मॅटवर तळहाताएवढ्या उंचीवरून आपटा. घोडा पडता कामा नये. बहुतेक अशा बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही, हे कायम ध्यानात असू द्या.

तिसरी: पुढचा चाप ओढल्यावर एकच ‘टक’ यायला हवा. दोन आल्या तर एका बाराच्या धक्क्याने दुसराही निघतो. चापांचा ताण साधारण पुढचा 1.6 ते 1.8 किलो, मागचा थोडा जास्त. मागच्याला जास्त, कारण तोवर बोटावर पहिल्या बाराचा धक्का बसलेला असतो.

साठवताना स्नॅप कॅपवर घोडे उतरवून ठेवा, स्प्रिंगांना आराम मिळतो.

पाऊलवाट
चेंबर मोजलं. दोन्ही 65. जाडीचं माप उजव्या नळीत सर्वांत कमी 0.66 मि.मी., डाव्या नळीत 0.71. 9 इंचांवर व्यास 18.2. सांधा घट्ट आहे असं कारागिराने सांगितलं, पुन्हा तपासणीही करून घेतोय. ती झाल्यावर पहिले बार कसे काढावेत?

मोजपट्टी
मापं छान आहेत. 18.2 म्हणजे नळ्या जवळपास मूळ मापात आहेत.

तपासणी पास झाली की सुरुवात उडत्या निशाणावर नको, कागदावर करा. 1.2 मीटर चौरस कागद, मधोमध ठळक खूण, अंतर 40 यार्ड म्हणजे 36.6 मीटर. मागे मातीचा उंच बांध आणि त्यापलीकडे माणसाचा वावर नाही हे पक्कं. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. एका वेळी एकच काडतूस, आधी फक्त उजव्या नळीत, मग डावीत. दर बाराआधी नळीतून उजेड पाहायचा.

बार झाल्यावर छर्रे सर्वांत दाट पडलेत तिथे 76 सें.मी. व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. प्रत्येक नळीचे पाच कागद, मग सरासरी. इंग्लिश 6 नंबरचे छर्रे औंसात 270 येतात, म्हणजे 30 ग्रॅममध्ये सुमारे 286. पूर्ण चोकची नळी त्यातले 70 टक्के, म्हणजे 200 वर्तुळात टाकते. अर्धा चोक 60 टक्के, 172 च्या आसपास. पाव चोक 55, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (अगदी हलका चोक) 50, चोक नसलेली 40. सहसा उजवी मोकळी, डावी घट्ट असते. कुणी मधे नळ्या कापल्या असतील किंवा चोक घासला असेल तर ते इथे लगेच उघडं पडतं.

वर्तुळाचा मध्य खुणेच्या कुठल्या बाजूला पडतो तेही टिपा. दोन्ही नळ्या एकाच बाजूला टाकत असतील तर दोष नळ्यांचा नाही, कुंदा तुमच्या अंगाला बसत नाही. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. रिबच्या मधोमध नजर गेली तर माप ठीक. वारशातली बंदूक ज्याच्यासाठी वळवलेली असते त्याचा खांदा वेगळा असतो.

चकमक
पकडीबद्दल. बंद करताना नळ्या झटक्याने वर उडवू नका. नळ्या जमिनीकडे स्थिर ठेवून कुंदा वर आणा, लीव्हर अंगठ्याने धरून अलगद सोडा.

डावा हात पातळ पुढच्या लाकडाच्या थोडा पुढे, नळ्यांवर. दहा-बारा बारांत नळ्या चटका देण्याइतक्या तापतात, चामडी म्यान घाला. उजवा अंगठा मुठीवरून पलीकडे टाका, लीव्हरमागे ठेवू नका, धक्क्याने तो फाटतो. पुढचा चाप ओढताना मधलं बोट गार्डच्या मागच्या कडेला चिकटवून ठेवलं तर पहिल्याच बाराला पेरावर फोड येतो. बोटभर अंतर राहू द्या. दुसऱ्या चापासाठी नुसतं बोट मागे वाकवू नका, सरळ मुठीवर अख्खा हात दोन सें.मी. मागे सरकवा. दोन चापांवर दोन बोटं कधीही नाहीत.

रानपाखरू
दोरीचं मत मागे घेतो, समजलं. एक विचारायचं राहिलं: चाप ओढला आणि बार निघालाच नाही तर किती वेळ थांबायचं?

चकमक
बंदूक खांद्यावरून काढा, तोंड निशाणाच्या दिशेनेच, आणि मनात 30 आकडे मोजा. कॅप उशिरा पेटू शकते. मग चेहरा बाजूला ठेवून उघडा. कॅपवरची खूण बघा. खोल, गोल खड्डा असेल तर दोष काडतुसाचा. उथळ किंवा एका बाजूला असेल तर स्ट्रायकर झिजलाय किंवा स्प्रिंग थकली आहे. कॅपला भोक पडून भोवती काजळी दिसली तर स्ट्रायकरचं टोक धारदार झालंय, त्या दिवशी पुढे बार काढू नका.

आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी वाटला, तर दुसरा चाप ओढायचा नाही. दोन्ही काडतुसं बाहेर काढा, नळ्या सोडवा, उजेडाकडे धरा. आत गोल काळी सावली दिसली तर तो वॉड आहे. मागच्या बाजूने लाकडी गजाने ढकलून काढा, मग एक कोरडी चिंधी, मग पुन्हा उजेड.